गाडीपट्टी

करांना नावे देण्याच्या कामी रयत सरकारदप्तरापेक्षा नेहमीच अधिक नेमकी असते. ज्या वस्तूवर भार पडतो तिचे नाव पुढे लावावयाचे आणि त्याला पट्टी म्हणावयाचे, ही मराठी मुलखाची जुनी रीत. म्हणूनच सरकारी कागदात काहीही लिहिलेले असले तरी घरावरची ती घरपट्टी आणि पाण्यावरची ती पाणीपट्टी, यापलीकडे आपल्या आजोबापणजोबांनी कधी दुसरे नाव उच्चारले नाही. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील कॅलिफोर्निया राज्यात अशीच एक बाब आहे. कायद्याच्या पुस्तकात तिचे नाव ‘व्हेइकल लायसन्स फी’, म्हणजे वाहन परवाना शुल्क. पण ते नाव वकील व हिशेबनीस यांच्यापुरतेच राहिले असून लोक तिला पिढ्यान्‌पिढ्या ‘कार टॅक्स’ म्हणत आले आहेत. आपण तिला गाडीपट्टी म्हणू. या गाडीपट्टीपायी २००३ साली एका गव्हर्नराला मुदत संपण्यापूर्वी घरी जावे लागले, एका जगप्रसिद्ध नटाला सत्ता मिळाली, आणि जो मनुष्य पाच वर्षे अल्पमतात राहून तिच्याशी एकनिष्ठपणे झुंजत आला होता, त्याच्या पदरी तिसऱ्या क्रमांकाची मते पडली. टॉम मॅक्लिंटॉक हे त्या मनुष्याचे नाव. त्याची सगळीच मते मला मान्य आहेत असे नाही. परंतु त्या लढ्याची हकीकत सांगताना त्याचे नाव कोपऱ्यात पडलेले दिसते, आणि तो अन्याय आहे असे मला मनापासून वाटते.

पट्टी मुळात कशी जन्मास आली हे आधी पाहिले पाहिजे, कारण पुढच्या सगळ्या भांडणाचे बीज तेथेच आहे. मोटार ही जंगम मालमत्ता. कॅलिफोर्नियात १९०५ पासून मोटारींची सरकारदरबारी नोंद होऊ लागली, आणि घर, जमीन, गुरेढोरे व यंत्रसामग्री यांच्यावर कौंटीचा, म्हणजे तेथल्या परगण्याचा, अंमलदार ज्या न्यायाने आकारणी करी त्याच न्यायाने तो मोटारीचीही करू लागला. आकारणीचा दिवस ठरलेला असे : मार्च महिन्यातील पहिला सोमवार. त्या दिवशी जी मालमत्ता ज्याच्या कबजात आणि ज्या हद्दीत सापडेल, तिचा कर त्याच्या माथी आणि त्या हद्दीच्या खजिन्यात. घर आपल्या पायावरून हलत नाही आणि शेत रात्रीतून दुसऱ्या परगण्यात जात नाही; मोटार मात्र चाकांवर उभी असते, आणि जी वस्तू सकाळी एका गावी व संध्याकाळी दुसऱ्या गावी असू शकते तिची जमाबंदी गावकामगाराने घरोघर फिरून करावी, ही गोष्ट मोटारींची संख्या लाखांच्या घरात गेल्यावर केवळ अशक्य होऊन बसली.

महामंदीच्या त्या वर्षांत राज्याच्या महसुलाची सारी घडीच नव्याने बसविली जात होती. १९३३ साली विक्रीकर आला, १९३५ साली प्राप्तिकर आला, आणि त्याच वर्षी मोटारींना मालमत्ता करातून वगळून त्याऐवजी ही गाडीपट्टी लावण्यात आली. गाडीच्या किमतीवर दर शेकडा पावणेदोन, जो १९४८ साली दोन झाला. गाडी जुनी होत जाईल तशी तिची किंमत ठरलेल्या कोष्टकाने उतरत जावयाची. वसुली राज्याच्या मोटार खात्याने नोंदणीच्या रकमेबरोबरच करावयाची, आणि जमा झालेला पैसा शहरांना व कौंट्यांना वाटून द्यावयाचा. ‘ऐवजी’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. राज्याने गावांच्या हातून एक हक्क घेतला आणि त्याच्या मोबदल्यात हा पैसा देऊ केला; म्हणजे वसुली राज्याची असली तरी मालकी गावांची होती. पेट्रोलवरील कर कॅलिफोर्नियात १९२३ पासून आहे आणि तो रस्त्यांसाठी आहे. गाडीपट्टीचा रस्त्यांशी तसा संबंध नव्हता. रात्री अपरात्री धावून येणारा पोलीस शिपाई, आगीचा बंब, कौंटीचा दवाखाना, असल्या गोष्टींवर तो पैसा खर्च होई, आणि गाडीचा मालक मात्र आयुष्यभर असेच समजत राही की आपण रस्त्याचे भाडे भरीत आहोत.

पुढे १९७८ साली हॉवर्ड जार्व्हिस व पॉल गॅन यांनी तेराव्या प्रस्तावाच्या रूपाने मालमत्ता कराविरुद्ध जे बंड पुकारले, आणि ज्याला मतदारांनी सुमारे दोनतृतीयांश मतांनी कौल दिला, त्याने घरपट्टी मूळ किमतीच्या एक टक्क्यावर बांधून टाकली. गावांच्या उत्पन्नाचा मुख्य झरा असा आटल्यावर गाडीपट्टीचे मोल अर्थातच वाढले. मतदारांनी १९८६ साली राज्यघटनेत कलम घालून हा पैसा शहरांचा व कौंट्यांचाच आहे असे पक्के केले, आणि १९९१ साली कौंट्यांवर आरोग्याची नवी जबाबदारी टाकताना राज्याने त्या खर्चाची तरतूदही याच पट्टीतून केली. तेराव्या प्रस्तावाने आणखी एक बंधन घातले होते ते ध्यानात ठेवावे : राज्याचा कोणताही कर वाढवावयाचा तर विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत दोनतृतीयांश मते हवीत. अल्पमतातील पक्षाच्या हाती आलेली ही एक मोठी ढाल होती.

आणि ज्या वस्तूवर ही पट्टी होती, ती तेथे चैनीची वस्तू कधीच राहिली नव्हती. लॉस एंजेलिसच्या परिसरात एके काळी विजेवर चालणाऱ्या लाल रेल्वेगाड्यांचे विस्तीर्ण जाळे होते. त्यातील शेवटची गाडी १९६१ साली बंद झाली. १९४० च्या अखेरीस पॅसाडीना ते लॉस एंजेलिस हा आरोयो सेको मार्ग खुला झाला आणि त्यापाठोपाठ अशा रुंद, न थांबता धावणाऱ्या रस्त्यांनी साऱ्या मुलखाची रचनाच बदलून टाकली. चाळीस मैलांवरच्या कारखान्यात पहाटे हजर व्हावयाचे असलेल्या मजुराला, मुलाला शाळेत सोडून दोन ठिकाणी कामास जाणाऱ्या बाईला, गाडी म्हणजे पायातील वहाण होती. तेथे गाडीवर कर लावणे म्हणजे रोजीरोटीच्या वाटेवर नाका बसविणे होय, असे कोणी म्हटले तर ते सर्वस्वी अतिशयोक्तीचे ठरले नसते. मॅक्लिंटॉक नेमके हेच म्हणत आला.

हा गृहस्थ १९८२ साली, वयाच्या अवघ्या सव्विसाव्या वर्षी, लॉस एंजेलिसच्या वायव्येकडील थाउजंड ओक्सच्या भागातून राज्याच्या असेंब्लीत निवडून आला. रिपब्लिकन पक्षाचा, आणि त्या पक्षातही काटकसरीच्या तत्त्वाबाबत इतका कर्मठ की स्वपक्षाच्या गव्हर्नरानेही करवाढीची भाषा केली तर हा उठून विरोध करावयाचा. २००२ साली राज्याच्या नियंत्रकपदासाठी, म्हणजे खजिन्याच्या मुख्य हिशेबनिसाच्या जागेसाठी, तो उभा राहिला तेव्हा त्याने आपल्या स्कॉटिश वंशाचाच प्रचारासाठी उपयोग केला. जाहिरातीत एक काटकसरी स्कॉटिश चुलतभाऊ येऊन टॉमच्या चिक्कूपणाची ग्वाही देत असे. ती निवडणूक तो एक टक्क्याहूनही कमी मतांनी हरला. इतक्या थोडक्या फरकाने गेलेली ती जागा त्याला मिळाली असती, तर पुढल्याच वर्षी खजिन्यावरून जे रण माजले त्यात तो खजिन्याच्या आतल्या बाजूस उभा असता.

गाडीपट्टीविरुद्धचा त्याचा लढा १९९८ चा. त्या वर्षी राज्याच्या तिजोरीत शिल्लक होती, संगणक कंपन्यांचे समभाग आकाशास भिडले होते, आणि ही पट्टी मुळासकट उपटून टाकावी असा प्रस्ताव त्याने असेंब्लीत मांडला. दोन्ही सभागृहांत बहुमत डेमोक्रॅटिक पक्षाचे. प्रस्ताव जसाच्या तसा मंजूर होणे शक्यच नव्हते. परंतु रिपब्लिकन गव्हर्नर पीट विल्सन यांनी टप्प्याटप्प्याने मोठ्या कपातीची योजना पुढे केली, आणि शेवटी तडजोड अशी निघाली की १९९९ पासून पट्टीत २५ टक्के सूट द्यावी आणि महसूल भरभराटीस राहिला तर ती वाढवीत न्यावी. महसूल भरभराटीसच राहिला. विल्सन यांच्यानंतर गव्हर्नर झालेले डेमोक्रॅट ग्रे डेव्हिस यांनीच ही सूट पुढे ठरल्याहून लवकर वाढवीत नेली, आणि २००१ साली ती ६७.५ टक्क्यांवर पोचली. दोन टक्क्यांची पट्टी अशा रीतीने ०.६५ टक्क्यावर आली. मध्यंतरी काही काळ लोकांनी आधी जास्त रक्कम भरावी आणि सुटीचा भाग राज्याने मागाहून धनादेशाने परत पाठवावा, अशीही व्यवस्था होती; आपल्याला सूट दिली हे मतदाराच्या हाती पडणाऱ्या कागदाने त्याला कळावे, अशी राज्यकर्त्यांची इच्छा असणे स्वाभाविक आहे.

या तडजोडीच्या पोटात एक गोष्ट मात्र फार थोड्यांनी नीट पाहिली. पट्टीचा दर कायद्यात दोन टक्केच राहिला. कमी झालेली रक्कम म्हणजे निव्वळ सूट होती, आणि गावांचे जे नुकसान होईल त्याची भरपाई राज्याने आपल्या सर्वसाधारण खजिन्यातून करावयाची होती. ही भरपाई ज्या दिवशी खजिन्याला झेपेनाशी होईल त्या दिवशी सूट आपोआप आटोपून पूर्वीचा दर पुन्हा लागू व्हावा, अशी तरतूद कायद्यात होती. आपल्याकडे १९९९ साली नगरपालिकांची जकात उठली आणि २०१७ साली मुंबई महापालिकेची उठली, त्या दोन्ही वेळी ज्यांनी नगरपालिकांचा कारभार जवळून पाहिला त्यांना ‘भरपाई’ या शब्दाचे वजन वेगळे सांगावयास नको. आपल्या नाक्यावर आपल्या माणसाने वसूल केलेला पैसा आणि वरून येणाऱ्या अनुदानाची वाट पाहणे, यांत किती अंतर आहे ते पगाराची तारीख जवळ आलेल्या मुख्याधिकाऱ्याला विचारावे. कॅलिफोर्नियातील शहरांची स्थिती १९९९ नंतर हीच झाली होती, फक्त चांगल्या दिवसांत ती कोणाला जाणवली नाही.

दिवस पालटले. समभागांचा फुगा फुटला आणि ज्या भांडवली नफ्यावर व समभागांच्या मोबदल्यांवर राज्याला सुमारे १७ अब्ज डॉलरचा प्राप्तिकर मिळत होता, तो दोनएक वर्षांत ५ अब्जांच्या आसपास घसरला. त्याआधीच्या वीजटंचाईने डेव्हिस यांची प्रतिष्ठा खाली आणली होती. नोव्हेंबर २००२ मध्ये ते पुन्हा निवडून आले, आणि दीड महिन्याच्या आतच त्यांनी पुढील वर्षाची तूट सुमारे ३५ अब्ज डॉलरची असल्याचे जाहीर केले. पुढे तो आकडा ३८ अब्जांवर गेला. निवडणुकीपूर्वी हे का सांगितले नाही, हा प्रश्न लोकांच्या मनात सलत राहिला, आणि तो योग्यच होता. करवाढीस लागणारी दोनतृतीयांश मते मिळण्याजोगी नव्हती. तेव्हा २० जून २००३ रोजी राज्याच्या वित्त खात्याने जाहीर केले की भरपाई देण्याइतका पैसा खजिन्यात नाही, सबब सूट संपली. १ ऑक्टोबरपासून गाडीपट्टी पुन्हा दोन टक्के.

मॅक्लिंटॉक तोवर राज्याच्या सिनेटमध्ये गेला होता. त्याचे म्हणणे सरळ होते : जनतेच्या खिशातून पूर्वीपेक्षा तिप्पट रक्कम जात असेल तर तिला करवाढच म्हटले पाहिजे, आणि करवाढीचा अधिकार दोनतृतीयांश विधिमंडळाचा आहे, खात्याच्या संचालकाचा नाही. सरकारपक्ष म्हणे, दर आम्ही वाढविलाच नाही. तो १९४८ पासून आहे तेथेच आहे, दिलेली सूट तेवढी अटीप्रमाणे संपली. कायद्याची अक्षरे पाहिली तर सरकारपक्षाचा युक्तिवाद टाकाऊ नव्हता, ही गोष्ट कबूल केली पाहिजे. परंतु ज्या निर्णयाने लाखो कुटुंबांच्या खर्चाची जुळणी बदलते, तो एकाही निवडलेल्या प्रतिनिधीने हात वर न करता, तिजोरीतील एका आकड्याच्या आधारे अमलात यावा, हे लोकशाहीच्या प्रकृतीला मानवणारे नाही. आणि ही गोष्ट विधिमंडळात व विधिमंडळाबाहेर तो पुन्हा पुन्हा बोलत राहिला याबद्दल मी त्याला मान देतो. राज्याचा खर्च लोकसंख्या व महागाई यांच्या वाढीपेक्षा वेगाने वाढला आहे, आधी तो आवरा, हे त्याचे दुसरे म्हणणे. पट्टी कायमची नष्ट करणारा जनमतप्रस्ताव आपण मतदारांपुढे नेऊ, असेही त्याने जाहीर केले.

या लढ्याला धार आली ती मात्र टपालाने. गाडीपट्टीची मागणी दरवर्षी मोटार खात्याच्या पाकिटातून घरी येते. विक्रीकर पैशापैशाने जातो, प्राप्तिकर पगारातून परस्पर कापला जातो, पेट्रोलचा कर पंपावरच्या किमतीत मिसळून जातो. गाडीपट्टी तेवढी एकदम, एका कागदावर, एका आकड्यात, वर्षातून एकदा समोर येते आणि मुदतीच्या आत भरा म्हणून तगादा लावते. सॅन होजेच्या उपनगरात राहणाऱ्या, भाड्याच्या घरात दोन गाड्या बाळगणाऱ्या नोकरदार कुटुंबाचे उदाहरण घ्या. संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर पाकीट फाडले जाते. गाडीची किंमत कोष्टकाप्रमाणे १०,००० डॉलर धरलेली असेल तर मागील वर्षी पट्टी ६५ डॉलर होती, आता ती २०० डॉलर आहे. दुसरी गाडी नवी, २०,००० ची असेल तर १३० चे ४०० झाले. नोंदणीच्या इतर रकमा याहून वेगळ्या. पैसे भरले की खात्याकडून वर्षाचा आकडा छापलेली, टपालतिकिटापेक्षा जरा मोठी एक रंगीत चिकटपट्टी येते. मागल्या क्रमांकफलकाचा कोपरा ओल्या फडक्याने पुसून, जुनी पट्टी पात्याने खरवडून, तेथे ती अंगठ्याने दाबून बसवायची. दरवर्षी रंग बदलतो, त्यामुळे कोणी भरले व कोणी भरले नाही हे रस्त्यावरच्या पोलिसाला दुरून दिसते. कर भरल्याची पावती सर्वांना दिसेल अशी गाडीच्या पाठीवर लावून फिरण्याची ही रीत जेथे आहे, तेथे कर तिप्पट झाल्याची बातमी वर्तमानपत्राने सांगावी लागत नाही.

कॅलिफोर्नियाच्या राज्यघटनेत १९११ पासून, गव्हर्नर हायरम जॉन्सन यांच्या काळापासून, निवडलेल्या अधिकाऱ्यास मुदतीआधी परत बोलावण्याचा हक्क मतदारांस आहे. रेल्वे कंपनीच्या मुठीतून राज्य सोडविण्यासाठी आणलेले ते हत्यार गव्हर्नरावर तोवर एकदाही यशस्वीपणे चालले नव्हते. डेव्हिस यांना परत बोलावण्याची मोहीम फेब्रुवारी २००३ मध्येच सुरू झाली होती. कायद्याने ८,९७,१५८ सह्या लागत होत्या. डॅरेल आयसा या धनाढ्य रिपब्लिकन काँग्रेस सदस्याने स्वतःचे दीड दशलक्षांहून अधिक डॉलर त्यात ओतले, आणि जूनमधील त्या निर्णयानंतर बाजारपेठांबाहेर टेबल टाकून बसलेल्या सह्या घेणाऱ्यांना गाडीपट्टी या एका शब्दापलीकडे फारसे बोलावे लागले नाही. १३ लाखांवर वैध सह्या भरल्या. ७ ऑक्टोबर ही मतदानाची तारीख ठरली, म्हणजे वाढीव पट्टी सुरू झाल्यावर बरोबर सहाव्या दिवशी. डेव्हिस यांच्या दृष्टीने याहून वाईट मुहूर्त ज्योतिषालाही सापडला नसता.

डेव्हिस यांची जागा घ्यावयास उभे राहिलेले उमेदवार १३५. ऑगस्टच्या आरंभी आर्नोल्ड श्वार्झनेगर यांनी दूरचित्रवाणीवरील एका रात्रीच्या गप्पांच्या कार्यक्रमात आपली उमेदवारी जाहीर केली, आणि त्या क्षणापासून पाच वर्षांची विधिमंडळातील झुंज बाजूस पडून सारे लक्ष एका चेहऱ्यावर खिळले. दुसऱ्याच दिवशी, स्वतः उभा राहू पाहणारा आयसा रडत रडत बाजूस झाला. पक्षाचे पुढारी मॅक्लिंटॉकच्या मागे लागले की मते फुटतात, माघार घे. तो हटला नाही. मी शेवटपर्यंत उभा राहणार, एवढेच त्याचे उत्तर. सप्टेंबरच्या अखेरीस त्याच्याच पक्षाने अधिकृत पाठिंबा श्वार्झनेगर यांना दिला. चर्चेच्या व्यासपीठावर अंदाजपत्रकातील बाबी तोंडपाठ सांगणारा हा सिनेटर आणि त्याच्या शेजारी बसलेला तो भव्य नट, यांतून जनतेने कोणाला निवडले हे सांगावयास नकोच. पण गाडीपट्टीविषयी त्या दोघांच्या घोषणेत शब्दाचाही फरक नव्हता, आणि ती घोषणा मूळची कोणाची हे जाणकारांना ठाऊक होते.

प्रचाराच्या शेवटच्या टप्प्यात श्वार्झनेगर यांच्या कोस्टा मेसा येथील सभेत एक ओल्ड्समोबिल गाडी आणून ठेवण्यात आली होती. इमारती पाडण्याच्या यंत्राचा अवजड लोखंडी गोळा उंचावरून तिच्यावर सोडण्यात आला, छत दबले, काचा फुटल्या, आणि गाडीपट्टीचे हेच होणार असे उमेदवाराने जमलेल्या समुदायास सांगितले. ७ ऑक्टोबरला ५५ टक्क्यांहून अधिक मतदारांनी डेव्हिस यांना परत बोलावले. अमेरिकेच्या इतिहासात १९२१ मधील नॉर्थ डकोटाच्या लिन फ्रेझर यांच्यानंतर असे पद गेलेले ते दुसरेच गव्हर्नर. श्वार्झनेगर यांना ४८.६ टक्के मते मिळाली आणि मॅक्लिंटॉकला १३.५.

१७ नोव्हेंबरला शपथ घेऊन नवे गव्हर्नर कचेरीत गेले आणि त्यांनी पहिली सही केली ती गाडीपट्टीची वाढ रद्द करणाऱ्या हुकमावर. ज्यांनी जास्त भरली होती त्यांना पैसे परत मिळाले. त्या सहीने वर्षाला सुमारे ४ अब्ज डॉलर गावांच्या जमेतून गेले, आणि मग जे पाच महिने कोणी फारसे बोलले नव्हते ते नगराध्यक्ष, शेरीफ व अग्निशामक दलांचे प्रमुख बोलू लागले : हा पैसा आमचा होता. सभांतून ज्या पट्टीला राज्याची लूट म्हटले गेले ती राज्याच्या घशात जातच नव्हती, ही गोष्ट मतदानापूर्वी लोकांना कळावयास हवी होती. डेव्हिस यांनी ती ठणकावून सांगितली नाही, कारण त्यांना राज्याची तूट झाकावयाची होती. आणि मॅक्लिंटॉकनेही तिच्यावर भर दिला नाही. त्याच्या पाच वर्षांच्या प्रामाणिक झुंजीत मला हाच एक मोठा उणेपणा दिसतो, आणि तो मी लपवीत नाही. खर्च कमी करा म्हणणाऱ्याने कोणाचा खर्च हेही सांगावयाचे असते. शपथविधीला महिना झाला असता गव्हर्नरांनी आपत्कालीन अधिकार वापरून, विधिमंडळाला वळसा घालून, २.६५ अब्ज डॉलर शहरांना व कौंट्यांना मोकळे केले. ज्या कृतीसाठी आधीच्या गव्हर्नरावर रोष होता, तीही विधिमंडळाला वळसा घालूनच झाली होती.

पुढचा हिशेब असा. मार्च २००४ मध्ये मतदारांनी तूट भरून काढण्यासाठी १५ अब्ज डॉलरच्या कर्जरोख्यांना मंजुरी दिली. ते कर्ज २०१५ साली फिटले. २००४ सालीच शहरांशी तहनामा होऊन गाडीपट्टीचा दर कायद्यानेच ०.६५ टक्के ठरला, गावांना बुडालेल्या रकमेइतका मालमत्ता कराचा वाटा शाळांच्या हिश्शातून काढून देण्यात आला, आणि शाळांचे राज्याने आपल्या खजिन्यातून भरून द्यावे असे ठरले. नोव्हेंबरमध्ये या व्यवस्थेला घटनेचे संरक्षण देणारा प्रस्ताव सुमारे ८४ टक्के मतांनी मंजूर झाला. गाडीच्या मालकाने न भरलेला पैसा असा तीन दप्तरांतून फिरून शेवटी प्राप्तिकर व विक्रीकर भरणाऱ्याच्या, म्हणजे बहुधा त्याच माणसाच्या, नावे पडला.

२००८ च्या मंदीनंतर खजिना पुन्हा कोरडा पडला. फेब्रुवारी २००९ मध्ये ज्या अंदाजपत्रकावर श्वार्झनेगर यांनी सही केली त्यात गाडीपट्टी ०.६५ वरून १.१५ टक्क्यावर नेण्यात आली होती. १९ मे २००९ पासून ती अमलात आली आणि ३० जून २०११ ला संपली. या वेळी वाढीव दरातील काही हिस्सा पोलिसांसाठी व स्थानिक सुरक्षेसाठी नावानिशी राखून ठेवलेला होता. मॅक्लिंटॉक तेव्हा राज्याच्या राजकारणात उरला नव्हता. त्या जानेवारीतच तो वॉशिंग्टनला काँग्रेसमध्ये गेला होता.

गाडीवर नवी पट्टी बसविण्याचा प्रसंग आणखी एकदा आला. २०१७ साली रस्त्यांच्या दुरुस्तीसाठी पेट्रोलचा कर वाढविण्यात आला आणि त्याच कायद्याने गाडीच्या किमतीनुसार वर्षाला २५ ते १७५ डॉलरची निराळी पट्टी १ जानेवारी २०१८ पासून सुरू झाली. तिच्या बाजूने मत दिल्याबद्दल ऑरेंज कौंटीकडील राज्य सिनेटर जॉश न्यूमन यांना जून २०१८ मध्ये मतदारांनी परत बोलावले, तेव्हा २००३ चेच नाटक पुन्हा रंगणार असे वाटले होते. पण नोव्हेंबरमध्ये तोच कायदा रद्द करण्याचा प्रस्ताव मतास आला, रस्त्यारस्त्यावर ‘हे काम तुमच्या करातून’ अशा अर्थाच्या पाट्या उभ्या होत्या, आणि सुमारे ५७ टक्के लोकांनी प्रस्ताव फेटाळला. दोन वर्षांनी, २०२० साली, न्यूमन त्याच मतदारसंघातून पुन्हा निवडून आले.

आज मोटार खात्याचे पाकीट फाडले तर आतल्या कागदावर ही दोन्ही शुल्के निरनिराळ्या ओळींत दिसतात. एक ओळ रस्त्यांची, २०१७ ची. दुसरी परवाना शुल्काची, ०.६५ टक्क्याची, जिचे मूळ १९३५ च्या त्या कायद्यात आहे. मुदतीच्या आत पैसे भरावयाचे, आणि नव्या रंगाची चिकटपट्टी येईल तिची वाट पाहावयाची.